स्वस्त ‘कॉम्बो’ची पारख : प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र घेताना

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दुकानात आणि कारखान्यात आता संगणक ही चैन राहिलेली नाही. जीएसटीचे विवरणपत्र, टॅलीतील खाती, एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे पंचिंग, लग्नपत्रिकेसाठी कोरलड्रॉ आणि उर्दू मजकुरासाठी इनपेज, सर्व कामे त्याच्यावरच चालतात. तो बिघडला किंवा फार मंद झाला की बाजारातील दुकानदार सांगतो, “कॉम्बो बदलून घ्या.” कॉम्बो म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा जोड, आणि बहुतेक वेळा सोबत मेमरी. कॅबिनेट, पडदा, कीबोर्ड जुनेच ठेवायचे आणि आतला जीव बदलायचा. युक्ती चांगली आहे व पैसाही वाचतो. मात्र लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत हा जोड ज्या पद्धतीने विकला जातो, ती नीट समजून घेतली पाहिजे.

कापडाच्या धंद्यातील माणसाला ही पद्धत नवी नाही. तीन नगांचा ड्रेस मटेरियलचा संच घ्या. वरचा नग उत्तम प्रतीचा, त्यावर भरतकाम, पॅकिंगमध्ये तोच समोर दिसेल असा ठेवलेला. खालचा नग पातळ, पन्ना कमी. ओढणी तर एका धुण्यात विरणारी. गिऱ्हाईक वरच्या नगाकडे पाहून संपूर्ण संचाची किंमत देते. संगणकाच्या कॉम्बोत वरचा नग म्हणजे प्रोसेसर. त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मदरबोर्ड कोणता, मेमरी कोणती, हमी कोणाची, हे बारीक अक्षरांत असते किंवा मुळीच नसते. म्हणून पहिला नियम असा की जोडाचा एकच भाव ऐकून थांबू नये. प्रत्येक नगाचा वेगळा भाव कागदावर लिहून घ्यावा, तो आणखी दोन दुकानांत विचारावा आणि मग बेरीज करावी. बऱ्याचदा जोडाचा भाव सुट्या नगांच्या बेरजेइतकाच निघतो. काही वेळा त्याहून जास्तही निघतो, कारण पडून राहिलेला एखादा नग त्यात खपवलेला असतो.

आता नावाचे पाहू. “आय-फाइव्ह आहे साहेब,” एवढे सांगून माल विकला जातो. आय-फाइव्ह हे नाव इंटेल कंपनी २००९ पासून वापरीत आहे. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचाही आय-फाइव्ह आहे आणि अलीकडचाही आहे. नुसते “कॉटन” म्हटल्याने जसा काउंट कळत नाही, तसेच हे. खरी ओळख नावानंतरच्या आकड्यात असते. आय-५ ३४७० यातील पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, वर्ष २०१२. आय-३ १२१०० यातील १२ म्हणजे बारावी पिढी. हा प्रोसेसर २०२२ च्या सुरुवातीस आला. पहिल्यात चार कोअर असून एका वेळी चारच धागे चालतात. दुसऱ्यातही चार कोअर आहेत, परंतु धागे आठ चालतात आणि प्रत्येक कोअरचा वेग कितीतरी जास्त आहे. सांगायचे तात्पर्य, नावाने धाकटा दिसणारा आय-थ्री येथे थोरल्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो.

एएमडी कंपनीच्या रायझेन मालात आकडा आणखी फसवा आहे. रायझेन ५ ४५०० आणि रायझेन ५ ५५०० हे दोन्ही एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आले, तरी पहिल्याची आतली रचना आधीच्या पिढीची आहे. ५६०० आणि ५६००जी यांत फक्त एका अक्षराचा फरक दिसतो. जी म्हणजे चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे. ५५०० व ५६०० मध्ये ती नाही. तेथे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. इंटेलकडे याच्या उलट आहे. तेथे एफ हे अक्षर असेल तर चित्राची सोय नाही, १२१०० मध्ये आहे आणि १२१००एफ मध्ये नाही. एफचा माल थोडा स्वस्त मिळतो म्हणून कॉम्बोत तो फार चालतो. घरी आणून जोडल्यावर पडदा काळाच राहतो. मग दुकानदार एखादे फार जुन्या पिढीचे कार्ड गळ्यात मारतो. वाचलेले पैसे तेथे जातात आणि वर आणखी भर पडते. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी नवे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्येच बंद झाले, तरी जीटी ७१० सारखी कार्डे त्यानंतरही विकली जात राहिली. ज्याला खेळ खेळायचे नाहीत व व्हिडिओचे जड काम नाही, त्याने चित्राची सोय आतच असलेला प्रोसेसर घ्यावा.

शेवटच्या के या अक्षराचाही खुलासा करतो. के म्हणजे वेग वाढवण्याची मुभा असलेला माल. ती मुभा इंटेलच्या झेड जातीच्या महाग बोर्डावरच उपयोगी पडते, आणि के मालासोबत पंखा मिळत नाही. एच-६१० सारख्या साध्या बोर्डासोबत कोणी के प्रोसेसर देऊ लागला, तर तुमच्या कामाला न येणाऱ्या गुणाचे पैसे तो घेत आहे असे समजावे.

बाजारात आज तीन तऱ्हेचे स्वस्त जोड दिसतात. त्यांची किंमत वेगवेगळ्या मापाने करावी लागते.

पहिला म्हणजे एच-६१ किंवा एच-८१ चिपचा बोर्ड आणि दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या पिढीचा प्रोसेसर. बोर्ड नवा, चकचकीत खोक्यात असतो. काहींवर एसएसडीची नवी एम.२ खाचही बसवलेली असते. पण एच-६१ ही चिप २०११ ची आहे. त्यावर बसणाऱ्या प्रोसेसरचे उत्पादन इंटेलने केव्हाच बंद केले, म्हणजे तो प्रोसेसर कुठल्यातरी कचेरीच्या भंगारात निघालेल्या यंत्रातून काढलेला असतो. यात हराम काही नाही. वापरलेला माल विकणे हा जुना, सचोटीचा धंदा होऊ शकतो. वाईट आहे ते “नवा कोरा” म्हणून विकणे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मालातील ऐब विक्रेत्याला ठाऊक असेल तर तो त्याने सांगितला पाहिजे, आणि लपवलेला ऐब नंतर कळला तर माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, ही आपल्या फिक्हमधील मूलभूत गोष्ट आहे. म्हणून स्पष्ट विचारावे, “प्रोसेसर वापरलेला आहे ना? मग बिलावर तसे लिहा.” लिहून देणाऱ्याकडून घ्यायला हरकत नाही.

या जोडाचा मोठा ऐब आणखी एक आहे, आणि तो हार्डवेअरमध्ये नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ साठी कंपनीच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझेनची २००० मालिका येथून पुढचेच प्रोसेसर येतात, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर काही कारागीर युक्तीने विंडोज ११ चढवून देतात. चालतेही. परंतु पुढचे अद्ययावतीकरण नीट मिळेल याची जबाबदारी कंपनी घेत नाही. ज्या यंत्रावरून आपण बँकेचा व्यवहार करतो आणि जीएसटीचा पासवर्ड टाकतो, त्याचे दार असे अर्धवट लावलेले असणे परवडत नाही. मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली या जुन्या यंत्रांवर अजून चांगली चालते. मुलांच्या अभ्यासासाठी वा फक्त इंटरनेटसाठी यंत्र हवे असेल तर तो मार्ग खुला आहे. टॅली, कोरलड्रॉ आणि इनपेज मात्र लिनक्सवर सरळ चालत नाहीत.

दुसरा जोड म्हणजे एक्स-९९ नावाचा चिनी बोर्ड आणि झिऑन प्रोसेसर. “बारा कोअर, चोवीस धागे” हे शब्द ऐकून आमचा एम्ब्रॉयडरीवाला भाऊ हरखून जातो. झिऑन ई-५ २६७० व्ही-३ हा प्रोसेसर २०१४ चा, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून काढलेला. बारा कोअर खरे आहेत, परंतु प्रत्येक कोअरचा वेग कमी. सर्वसाधारण मोजणीत आय-३ १२१०० चा एक कोअर या झिऑनच्या एका कोअरच्या जवळजवळ दुप्पट काम करतो. आता आपले काम पाहा. टॅलीत नोंद करणे, पंचिंगमध्ये टाके मांडणे, कोरलमध्ये एखादे फूल वळवणे, ही कामे बहुतांशी एका वेळी एकाच कोअरवर पडतात. बारा बैल असले तरी नांगराला दोनच जुंपायचे आहेत. बाकीचे गोठ्यात वैरण खात उभे. झिऑनचा फायदा होतो तो व्हिडिओ वा त्रिमितीय चित्रे तासन्‌तास तयार करणाऱ्याला.

आणि वैरणही महाग आहे. या झिऑनची वीजमर्यादा १२० वॅटची, तर १२१०० ची मूळ ६० वॅटची. प्रत्यक्षात फरक कामाप्रमाणे बदलतो, परंतु संपूर्ण यंत्राचा फरक सरासरी ५० वॅट धरला व रोज दहा तास याप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस यंत्र चालले, तर १५० युनिट जास्त जळतील. दहा रुपये युनिट धरल्यास वर्षाला दीड हजार रुपये. चार वर्षांत सहा हजार. हा खर्च कॉम्बोच्या भावात कोणी सांगत नाही. शिवाय झिऑन ई-५ मध्ये चित्राची सोय नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आलेच. सोबत दिलेली सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी उद्या साध्या बोर्डावर चालत नाही. अशा बोर्डांपैकी अनेकांवर चिपही जुन्या बोर्डातून काढून बसवलेली असते. माझे मत विचाराल तर दुकानाच्या कामासाठी हा जोड घेऊ नये.

तिसरा जोड खऱ्या अर्थाने नवा. इंटेलकडे बारावी ते चौदावी पिढी व एलजीए १७०० खाच, किंवा एएमडीकडे एएम-४ खाच व रायझेन ५००० मालिका. यात एच-६१० बोर्डावर १२१००, नाहीतर ५६००जी आणि साधा बोर्ड, ही जोडणी हिशेब, डिझाइन व छपाई यांना पुरेशी आहे. पण याही ठिकाणी बोर्डाकडे लक्ष द्यावे. वीजपुरवठा सांभाळणारे भाग स्वस्त बोर्डावर मोजके असतात. त्यावर आठ-दहा कोअरचा जड प्रोसेसर बसवला की तो तापतो व वेग आपोआप कमी होतो. तेव्हा हलक्या बोर्डासोबत हलकाच प्रोसेसर शोभतो. जाड कापडाला बारीक सुताची शिलाई टिकत नाही.

बोर्डाच्या मागच्या तोंडांची मोजणी घरून करून जावे. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याचे रुंद तोंड नव्या बोर्डांच्या मागे सहसा नसते. जुन्या एम्ब्रॉयडरी सॉफ्टवेअरचा डोंगलही काहींकडे त्याच रुंद तोंडाचा आहे. प्रिंटर बदलजोड केबलवर बऱ्याचदा चालून जातो, डोंगल बहुधा चालत नाही, आणि ते सॉफ्टवेअर नव्याने घ्यायचे तर त्याची किंमत संपूर्ण कॉम्बोपेक्षा जास्त. कोणाचा असा डोंगल असेल त्याने जुने यंत्र मोडीत काढू नये, ते फक्त पंचिंगसाठी इंटरनेटशिवाय चालू ठेवावे.

दुकानदार बोलता बोलता सांगेल की या बोर्डावर उद्या मोठा प्रोसेसर बसवता येईल. एएम-४ च्या बाबतीत हे खरे ठरले. २०१७ च्या रायझेनपासून २०२० नंतरच्या ५००० मालिकेपर्यंत एकच खाच राहिली. इंटेलने मात्र खाच वारंवार बदलली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात एलजीए १८५१ आणल्यामुळे १७०० चा पुढचा रस्ता चौदाव्या पिढीवर थांबतो. एएमडीची नवी एएम-५ खाच २०२२ पासून आहे, परंतु तिला डीडीआर-५ मेमरीच लागते. मी तर म्हणेन की आपल्यापैकी शंभरात पाच जणही नुसता प्रोसेसर बदलत नाहीत. सात-आठ वर्षे वापरतात आणि सर्वच बदलतात. न वापरायच्या सोयीसाठी आज पैसे का द्यावेत?

मेमरीचा हिशेब वेगळा करावा. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हापासून कॉम्बोत मेमरी आहे की नाही, यावर जोडाची खरी किंमत ठरते. आपल्या जुन्या यंत्रात डीडीआर-४ मेमरी असेल तर डीडीआर-४ घेणारा बोर्ड निवडून तीच वापरावी. एच-६१० चे बोर्ड डीडीआर-४ चेही येतात व डीडीआर-५ चेही. खोक्यावर पाहून घ्यावे. साध्या बोर्डावर दोनच खाचा असतात. चित्राची सोय प्रोसेसरमध्येच असेल तर सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्यांनी काम अधिक चपळ होते.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा. समजा, वापरलेल्या तिसऱ्या पिढीचा जोड ६,००० रुपयांस मिळतो आणि नवा जोड मेमरीसह २१,००० रुपयांस. पहिला दोन वर्षे कामाचा राहील, दुसरा सात वर्षे. दोन्हींचा वर्षाचा खर्च ३,००० रुपयेच आला! म्हणजे नुसत्या भावावरून स्वस्त-महाग ठरत नाही. परंतु नव्या जोडाच्या भावात १८ टक्के जीएसटी आहे, सुमारे ३,२०० रुपये. जो व्यापारी जीएसटीच्या नियमित पद्धतीत आहे व धंद्याच्या कामासाठी यंत्र घेतो, त्याला स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह बिल घेतल्यास हा कर वजावटीस मिळतो. कंपोझिशन पद्धतीत असलेल्यास मिळत नाही. वजावट मिळाली तर खर्च १७,८०० च्या आसपास, वर्षाचा अडीच हजार. बिलाविना घेतलेल्या जुन्या जोडाला यातले काहीच लागू होत नाही. सीझनच्या दिवसांत, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र बंद पडून दोन दिवस बिले थांबली तर त्याचे नुकसान ज्याचे त्याने मोजावे.

तरी जुना जोड प्रत्येकासाठी वाईट असे नाही. ज्याच्या हातात सहाच हजार आहेत, त्याने पंधरा हजार व्याजाने काढून नवा घ्यावा असे मी कधीही म्हणणार नाही. त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेली आठव्या ते दहाव्या पिढीची नामांकित कंपन्यांची संपूर्ण यंत्रे बाजारात येतात. थोडे जास्त पैसे पडतात, पण विंडोज ११ च्या यादीत ती बसतात. त्यांचा बोर्ड आणि वीजपुरवठ्याचा डबा बहुधा खास मापाचा असतो, बिघडला तर साधा भाग बसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. “नो कॉस्ट ईएमआय” असे लिहिलेले असते म्हणून ते व्याजमुक्त आहे असा समज होतो. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. या योजनेत बहुधा बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. कार्डाच्या विवरणपत्रात व्याजाची ओळ व त्यावरील जीएसटी वेगळा दिसतो. ज्यांना सूद टाळायचा आहे त्यांनी ते विवरणपत्र वाचावे व आपल्या आलिमांना दाखवून विचारावे. दुकानदाराने स्वतः ओळखीवर, भाव न वाढवता, दोन-तीन महिन्यांची उधारी दिली तर प्रश्नच मिटतो.

पैसे देण्यापूर्वी जोड दुकानातच चालू करून दाखवण्यास सांगावे. याला कारण आहे. एच-६१० चे बोर्ड २०२२ च्या सुरुवातीस आले, चौदावी पिढी २०२३ च्या अखेरीस. जुन्या साठ्यातील बोर्डाचे बायोस नवे केलेले नसेल तर तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये किंवा सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचून बिलाशी ताडून पाहावे. प्रोसेसर खोक्यातला आहे की ट्रेमधला सुटा, हेही विचारावे. खोक्यातल्या मालाला कंपनीची तीन वर्षांची हमी असते व इंटेलच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून ती तपासता येते. सुट्या मालाला बहुधा दुकानदाराचीच जबान. भावातला फरक थोडा असेल तर खोकेच घ्यावे. बोर्डाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व एमआरपी छापलेली असावी लागते. ते नसेल तर हमीसाठी जायचे कोठे, हा प्रश्न दुकानातच विचारावा. इंटेलच्या या बोर्डांवर पिना बोर्डाच्या खाचेत असतात आणि त्यांवर काळे प्लास्टिकचे झाकण येते. ते झाकण टाकून देऊ नये; बोर्ड हमीत परत करताना अनेक ठिकाणी ते मागतात, आणि पिन वाकलेली आढळली तर हमी नाकारतात. बिलावर दोन्ही नगांचे पूर्ण नाव, दोन्हींचे क्रमांक आणि हमी कोणाची व किती, हे दुकानदाराच्या हाताने लिहून घ्यावे.